सुई नको, गोळी द्या: वजनाच्या गोळीचा पहिला अर्धा तास

मेडिकलच्या काउंटरवर हल्ली हा प्रश्न रोज येतो. "दादा, ते पोटात टोचायचं इंजेक्शन नको. त्याची गोळी निघालीय म्हणं, ती हाय का?" गोळी आहे, आणि ती खरी आहे. इंजेक्शनात जे औषध आहे तेच, सेमाग्लुटाइड, गोळीतही आहे. पण सुई टळली म्हणजे त्रास टळला असं समजून जे गोळी सुरू करतात, त्यातल्या बऱ्याच जणांची गोळी वाया जाते. इंजेक्शनाला आठवड्यातलं एक मिनिट लागतं. गोळीला रोज सकाळचा अर्धा तास लागतो, आणि तोही अगदी कोरा. हा अर्धा तास तुमच्या घरात, तुमच्या कामाच्या वेळेत निघतो का, हे आधी बघायचं आणि मग गोळी की सुई ते ठरवायचं. कोल्हापुरात हे जरा जास्तच नेटानं सांगावं लागतं, कारण आपली सकाळ चहा, दूध आणि मिसळीनं सुरू होते.

पोटात नक्की काय होतं

सेमाग्लुटाइड हे आपल्याच आतड्यातून जेवणानंतर सुटणाऱ्या जीएलपी-१ या संप्रेरकासारखं बनवलेलं औषध आहे. ते मेंदूला पोट भरल्याचा निरोप देतं, जठर सावकाश रिकामं करतं आणि रक्तात साखर वाढलेली असेल तेव्हा इन्सुलिन सोडायला लावतं. भूक कमी होते, घास कमी जातात, वजन उतरतं. चरबी जाळणारी गोळी ही नव्हे. खाणं कमी झालं तरच तिचा उपयोग.

अडचण अशी की हा रेणू प्रथिनांच्या जातीचा आहे. अंडं किंवा मटण जसं जठरात पचतं, तसाच हाही पचून जातो. म्हणून इतकी वर्षं तो टोचावा लागत होता. गोळीत त्याच्या जोडीला सॅल्कॅप्रोझेट सोडियम नावाचा पदार्थ घातलेला असतो, ३, ७ आणि १४ मिलिग्रॅमच्या प्रत्येक गोळीत ३०० मिलिग्रॅम. गोळी जठराच्या भिंतीला लागून विरघळते. त्या जागेपुरतं आम्ल हा पदार्थ मंदावतो, पाचकरसापासून औषध वाचवतो आणि जठराच्या पेशींतून ते रक्तात ढकलतो. हे सगळं जठरातल्या तेवढ्याच जागेत घडतं, आतड्यात नाही. जठरात आधीच चहा, पाणी, दूध किंवा रात्रीचं उरलेलं जेवण असेल तर तो पदार्थ पातळ होऊन पसरतो आणि औषध पचून जातं.

सगळं जमून आलं तरी रक्तात किती पोचतं? एक टक्क्याच्या आसपास, बहुतेक वेळा त्याहून कमी. म्हणूनच गोळीचा आकडा इंजेक्शनापेक्षा एवढा मोठा असतो. वजनासाठीचं इंजेक्शन आठवड्याला २.४ मिलिग्रॅम, आणि वजनासाठीची गोळी रोज २५, म्हणजे आठवड्याला १७५ मिलिग्रॅम. सत्तर पटींहून जास्त औषध गिळायचं, तेव्हा कुठे परिणाम जवळपास येतो. शंभर भाग गिळून एक भाग पोचवायचा असतो, त्यात आणखी निम्मा चहाबरोबर घालवला तर उरतं काय?

सकाळचा अर्धा तास

उठल्याबरोबर गोळी. त्याआधी काही नाही. शेवटचं जेवण होऊन आठ तास झालेले असावेत. रात्री साडेअकराला तांबडा-पांढरा ओरपून झोपलात आणि पहाटे पाचला गोळी घेतली, तर पोट रिकामं नसतंच. तेलकट जेवण मुळात उशिरा पुढे सरकतं, त्यात हे औषध जठर आणखी सावकाश करतं. त्यामुळे रात्रीचं जेवण साडेआठ-नवाच्या आत आणणं हा गोळीचाच भाग समजायचा.

पाणी साधं, आणि १२० मिलिलिटरच्या आत. हा आकडा लोक सर्रास दुर्लक्षित करतात. अर्धा लिटरची पाण्याची बाटली चौघांत सारखी वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला जेवढं येतं, त्याहून जरा कमीच. घरातल्या एखाद्या लहान पेल्यात एकदा मोजून ओता, कुठवर येतं ती खूण करा आणि तोच पेला गोळीसाठी ठेवा. सकाळी तांब्याभर पाणी पिण्याची सवय चांगली असली तरी ती अर्ध्या तासानंतर पाळायची. वजन कमी करायचंय म्हणून वर्षानुवर्षं कोमट पाणी, लिंबू आणि मध घेणारे लोक गोळीही त्याच पाण्यासोबत घेतात. दोन चांगल्या गोष्टी एकत्र केल्या असं त्यांना वाटतं, आणि गोळी तिथेच फुकट जाते.

गोळी अख्खी गिळायची. तोडायची नाही, चावायची नाही, कुटून पाण्यात घालायची नाही. १४ ची गोळी अर्धी करून ७ ची करायची हा काटकसरीचा उपाय इथे चालत नाही. उलटंही चालत नाही: ७ च्या दोन गोळ्या मिळून १४ होत नाहीत, कारण मदतनीस पदार्थ दुप्पट होतो आणि ३०० मिलिग्रॅमला जुळवलेलं गणित मोडतं.

मग किमान तीस मिनिटं थांबायचं. चहा नाही, कॉफी नाही, बिस्कीट नाही, दुसरी कुठलीही गोळी नाही. मशेरी आणि तंबाखूही त्या वेळेत तोंडात नको. ही तीस मिनिटं घड्याळ बघत काढली तर महिनाभरात कंटाळा येतो. कशात तरी गुंफून टाकली तर निघून जातात. रंकाळ्यावर फिरायला जाणाऱ्यांनी गोळी घेऊनच घराबाहेर पडावं, परत येईपर्यंत वेळ झालेली असते. फक्त वाटेतल्या टपरीवर थांबायचं नाही, आणि गंगावेशीत धारोष्ण दुधाचा पेला घ्यायचा असेल तर तो परतीच्या वाटेवर. गावाकडे पहाटे म्हशींची धार काढणाऱ्यांनी उठल्याउठल्या गोळी घ्यावी. धारा काढून, गोकुळच्या संकलन केंद्रावर दूध घालून येईपर्यंत अर्धा तास सहज उलटतो. मग निवांत चहा.

रमजानमध्ये गोळी सोडायची गरज नाही, पण सहेरीच्या अर्धा तास आधी उठावं लागतं. त्या दिवसांत रात्रीचं जेवण आणि सहेरी यांत आठ तास मिळत नाहीत, म्हणून डोस तोच ठेवायचा की महिनाभर इंजेक्शन घ्यायचं हे डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवलेलं बरं. नवरात्रात नऊ दिवस उपास करणाऱ्यांची अडचण वेगळी असते. पोट रिकामं ठेवणं त्यांना जमतं, पण दिवसभर चहा आणि एक वेळ साबुदाण्याची तेलकट खिचडी हा आहार या औषधाबरोबर मळमळीला आमंत्रण आहे. निर्जळी उपास तर या काळात करूच नये.

गोळी चुकली तर? त्या दिवसाची सोडून द्यायची, दुसऱ्या दिवशी नेहमीची एकच. औषध शरीरातून निम्मं जायला साधारण आठवडा लागतो, त्यामुळे एका दिवसानं काही बिघडत नाही. आठवड्यातून तीनदा मात्र "आज चहाबरोबरच घेतली" असं होत असेल तर रक्तातली पातळी हळूहळू खाली बसते, आणि दोन महिन्यांनी माणूस म्हणतो की गोळी लागू पडत नाही.

थायरॉइडची गोळी आधी की ही आधी

घरोघरी थायरॉक्सिन घेणाऱ्या बायका आहेत, आणि वजनाची तक्रार घेऊन येणाऱ्यांतही त्याच जास्त. थायरॉक्सिनही सकाळी रिकाम्या पोटी, हीही सकाळी रिकाम्या पोटी. दोन्ही एकदम तोंडात टाकल्या जातात, आणि नेमकं हेच टाळायचं आहे. सेमाग्लुटाइडच्या गोळीबरोबर एकदम पाच साध्या, औषध नसलेल्या गोळ्या दिल्या तर त्याचं शोषण ३४ टक्क्यांनी घटतं, हे मोजून पाहिलेलं आहे. आणि उलट बाजूनं, या गोळीसोबत घेतलेल्या थायरॉक्सिनचा रक्तातला प्रभाव ३३ टक्क्यांनी वाढतो. एक गोळी कमी लागू पडते, दुसरी जास्त.

सर्वांत सुटसुटीत मार्ग म्हणजे डॉक्टरांना विचारून थायरॉक्सिन रात्री झोपताना घेणं, जेवणानंतर किमान तीन तासांनी. ते जमत नसेल तर सकाळी आधी सेमाग्लुटाइड, अर्ध्या तासानं थायरॉक्सिन आणि त्यानंतर आणखी अर्धा-पाऊण तासानं चहा. ऐकायला सोपं, पण डबे भरायच्या गडबडीत रोज निभवणं कठीण. कुठलाही बदल केला की सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्तचाचणी, करून बघायची. वजन बरंच उतरलं तर थायरॉक्सिनचा डोसही पुन्हा बघावा लागतो.

पित्ताची नाश्त्याआधीची गोळी, रक्तदाबाची गोळी, सगळ्या अर्ध्या तासानंतर. पित्ताच्या गोळीमुळे सेमाग्लुटाइडच्या शोषणात फारसा फरक पडत नाही, फक्त एकत्र गिळायची नाही.

कोणती गोळी, किती मिलिग्रॅम, किती वजन

इथे सर्वांत जास्त गैरसमज आहेत. आपल्याकडे २०२२ पासून मिळणारी रायबेल्सस ही सेमाग्लुटाइडची ३, ७ आणि १४ मिलिग्रॅमची गोळी टाइप २ मधुमेहासाठी मंजूर झालेली आहे. निव्वळ वजनासाठी डॉक्टर ती लिहून देतात तेव्हा ते त्यांच्या जबाबदारीवर, मंजुरीबाहेर. मधुमेहींवरच्या चाचणीत १४ मिलिग्रॅमच्या गोळीनं २६ आठवड्यांत सरासरी ४ किलोच्या आसपास वजन उतरलं. बातम्यांत जे १३-१५ टक्क्यांचे आकडे येतात ते या गोळीचे नाहीत.

ते आकडे मोठ्या डोसचे आहेत. अमेरिकेत डिसेंबर २०२५ मध्ये वजनासाठी म्हणून २५ मिलिग्रॅमची वेगोव्ही गोळी मंजूर झाली. तिच्या चाचणीत ६४ आठवड्यांत सरासरी १३.६ टक्के वजन घटलं, नुसती औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत दोन-सव्वादोन टक्के. इंजेक्शनाचं, २.४ मिलिग्रॅमचं, ६८ आठवड्यांत १४.९ टक्के होतं. म्हणजे पुऱ्या डोसची गोळी इंजेक्शनाच्या जवळ जाते, १४ ची जात नाही. टिर्झेपेटाइड या दुसऱ्या औषधाचं इंजेक्शन, आपल्याकडे मार्च २०२५ पासून असलेलं माउंजारो, १५ मिलिग्रॅमला ७२ आठवड्यांत २०.९ टक्क्यांपर्यंत गेलं होतं. त्याची गोळी नाही.

दुसरा घोळ परदेशातून आलेल्या पाकिटांचा. अमेरिकेतला मुलगा किंवा पुतण्या येताना औषध घेऊन येतो आणि त्यावर ९ मिलिग्रॅम लिहिलेलं असतं. घरच्यांना वाटतं, १४ पेक्षा कमीच आहे, म्हणून दोन घेतात. हे करू नका. गोळीची घडण बदलली आहे. नव्या घडणीतली १.५ म्हणजे जुनी ३, ४ म्हणजे जुनी ७ आणि ९ म्हणजे जुनी १४. नव्या गोळीतून औषध जास्त शोषलं जातं, म्हणून आकडा लहान. पाकीट बदललं की डॉक्टरांना दाखवल्याशिवाय आकड्याला आकडा जुळवायचा नाही.

चढण कशी असते तेही सांगतो. पहिले ३० दिवस ३ मिलिग्रॅम. ही फक्त पोटाला सवय लागावी म्हणून असते, तिच्यात वजनाची अपेक्षा धरायची नाही. पहिल्या महिन्यात काटा हलला नाही म्हणून औषध बंद करणारे खूप आहेत. मग किमान ३० दिवस ७, मग गरज असेल तर १४. २५ च्या गोळीची चढण नव्या घडणीत १.५, ४, ९, २५, प्रत्येक पायरीवर महिनाभर. मळमळ टिकून असेल तर त्याच पायरीवर आणखी महिना थांबता येतं. घाई करण्यात काहीच फायदा नाही.

औषध कोणासाठी, हेही आकड्यातच बघावं. वजन किलोमध्ये, भागिले उंची मीटरमध्ये दोनदा. १६० सेंटीमीटर उंचीची बाई ७८ किलोची असेल तर ७८ भागिले २.५६, म्हणजे ३०.५. औषधांच्या मंजुरीत हा आकडा ३० आणि पुढे, किंवा २७ आणि पुढे पण सोबत मधुमेह, रक्तदाब, झोपेत श्वास अडकणं असं काही असेल तर. भारतीयांत पोटाची चरबी लवकर साठते म्हणून आपल्याकडे लठ्ठपणा २५ पासूनच धरतात. कंबर पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटीमीटरच्या पुढे गेली की लक्ष द्यायचं. लग्नाआधी चार किलो उतरवायचेत म्हणून हे औषध नाही.

मिसळ, मटण आणि मळमळ

२५ मिलिग्रॅमच्या चाचणीत ७४ टक्के लोकांना पोटाचा काही ना काही त्रास झाला. औषध नसलेल्या गटातही ४२ टक्क्यांना झाला होता, पण फरक उघड आहे. मळमळ, उलटी, जुलाब, बद्धकोष्ठ. बहुतेक वेळा डोस वाढल्यानंतरच्या दिवसांत, आणि बहुतेकांचा हळूहळू ओसरतो. सुई टाळून गोळी घेतली म्हणून यातलं काही टळत नाही, कारण त्रास औषधाचा आहे, सुईचा नाही.

यात जेवणाचा हात मोठा. जठर सावकाश रिकामं होत असताना त्यात कटाची मिसळ, वर आणखी एक वाटी कट आणि चार पाव गेले की ते तासन्‌तास तिथेच बसतात, आणि संध्याकाळी उलटीला बाहेर येतात. म्हाईच्या मटणाच्या पंगतीत तर "अजून एक वाढा" म्हणणाऱ्यांचा मान ठेवावा लागतो. अशा दिवशी ताटात सुकं मटण दोन तुकडे, भाकरी अर्धी, रश्शाचा वरचा तवंग बाजूला करून वाटीभर, आणि पोट भरल्याची पहिली खूण आली की हात धुवायचा. पुढचे चार घास आधी जात होते, आता जाणार नाहीत. खाणं मुद्दाम हळू करा. दावणगिरी लोण्याचा डोसा, भजी, कटवडा पहिल्या दोन-तीन महिन्यांत तरी सोडलेला बरा.

भूक गेली की लोक प्रथिनंच सोडतात आणि चहा-खारीवर दिवस काढतात. वजन उतरतं, पण त्यात चरबीबरोबर स्नायूही जातात. तालमीच्या या गावात हे कोणाला वेगळं सांगायला नको. ताटातला पहिला घास अंड्याचा, माशाचा, मटणाचा, मुगाचा किंवा दह्याचा असू द्या, भात शेवटी. मूत्रपिंडाचा आजार नसेल तर किलोमागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं हे साधारण लक्ष्य. जोडीला आठवड्यातून दोन-तीनदा वजन उचलण्याचा व्यायाम, निदान जोर-बैठका. नुसतं रंकाळ्याला चक्कर मारून स्नायू टिकत नाहीत.

उलट्या-जुलाब सुरू झाले तर क्षारसंजीवनी (ओआरएस) घोट घोट घ्यायची. दिवसभर पाणी पोटात ठरत नसेल, लघवी कमी झाली असेल तर दवाखाना. पाणी कमी पडून मूत्रपिंडाला इजा होऊ शकते, रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर आणखीच लवकर. पोटात वरच्या बाजूला जोराची कळ येऊन ती पाठीत जात असेल, थांबत नसेल, तर स्वादुपिंडाला सूज असू शकते. उजव्या बरगडीखाली कळ, ताप, डोळे पिवळे म्हणजे पित्ताशयाचा खडा. एका डोळ्यानं अचानक दिसायचं कमी झालं, फार क्वचित घडतं हे, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ. या तिन्हीत पुढची गोळी घ्यायची नाही. आणि हेही लक्षात ठेवा की गोळी बंद केली तरी औषध अंगातून पूर्ण जायला साधारण पाच आठवडे लागतात.

मधुमेहाच्या ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर साखर खाली घसरू शकते. भूक नाही म्हणून जेवण टाळलं आणि जुनी गोळी मात्र घेतली, की दुपारी घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. तेव्हा गुळाचा खडा चघळत बसू नका. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्या, १५ मिनिटांनी साखर पुन्हा मोजा. सेमाग्लुटाइड सुरू करतानाच या जुन्या औषधांचा डोस कमी करायचा का, हे विचारून घ्या. मधुमेहींनी सुरू करण्याआधी डोळ्याचा पडदा तपासून घ्यावा, कारण साखर झपाट्यानं खाली आली की पडद्याचा जुना आजार काही काळ बळावू शकतो.

स्वतःला किंवा रक्ताच्या नात्यात मेड्युलरी जातीचा थायरॉइडचा कर्करोग झालेला असेल तर हे औषध नाहीच. साधा थायरॉइड कमी असणं ही वेगळी गोष्ट, त्याला मनाई नाही. स्वादुपिंडाची सूज पूर्वी येऊन गेली असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. मूल हवं असेल तर किमान दोन महिने आधी बंद. कुठलंही ऑपरेशन ठरलं, अगदी दुर्बिणीची तपासणी असली तरी भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे औषध चालू असल्याचं सांगायचं, कारण उपाशी राहूनही जठरात अन्न उरलेलं असू शकतं.

दुसऱ्या गोळ्या

गोळी म्हटली की अजूनही ऑर्लिस्टॅटच हातात दिली जाते. कॅप्सूल १२० मिलिग्रॅमची, दिवसातून तीनदा जेवणासोबत किंवा जेवणानंतर तासाभरात. ती भुकेला हात लावत नाही. आतड्यात तेल-तूप पचवणारं विकर अडवते, त्यामुळे खाल्लेल्या चरबीतली साधारण ३० टक्के न पचता बाहेर पडते. कशी, ते स्पष्ट सांगायला हवं: तेलकट, नारिंगी, कधी न कळत कपड्याला लागून. कटाची मिसळ खाऊन ही घेतली तर घराबाहेर पडायची सोय राहत नाही. ज्या जेवणात तेल नाही त्या वेळी घेण्यात अर्थ नाही, आणि ज्याचं वजन भात, गूळ, उसाचा रस यांनी वाढलंय त्याला तिचा उपयोग फार थोडा. जीवनसत्त्व अ, ड, ई, के तिच्याबरोबर निसटतात, म्हणून मल्टिव्हिटॅमिन झोपताना. थायरॉक्सिन आणि हिच्यात चार तासांचं अंतर. मूतखडा होऊन गेला असेल तर शक्यतो नकोच. चार वर्षांच्या मोठ्या चाचणीत हिच्यासोबत ५.८ किलो आणि हिच्याविना ३ किलो उतरले होते. एवढीच तिची ताकद.

ऑर्फोर्ग्लिप्रॉन हे नाव तुमच्या कानावर पडेल. जपानच्या चुगाई कंपनीनं शोधलेला, अमेरिकेच्या लिली कंपनीनं पुढे नेलेला हा रेणू जीएलपी-१ चंच काम करतो, पण प्रथिनांच्या जातीचा नाही, साधा रासायनिक रेणू आहे. जठरात पचून जात नाही, म्हणून त्याला ना रिकामं पोट लागतं, ना मोजून पाणी. ३६ मिलिग्रॅमच्या मोठ्या डोसला ७२ आठवड्यांत सरासरी ११.२ टक्के वजन घटलं. आकडा २५ च्या सेमाग्लुटाइडपेक्षा थोडा कमी आहे, पण ज्याला सकाळचा अर्धा तास पाळणं शक्यच नाही त्याच्या पोटात प्रत्यक्षात जास्त औषध यातूनच पोचेल, असं मला वाटतं.

आणि "हर्बल" चूर्णं, डबीतल्या बिननावाच्या गोळ्या. अशा मालात सिब्युट्रामिन हे भूक मारणारं औषध मिसळलेलं वेळोवेळी सापडलं आहे. हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो म्हणून २०१० मध्ये ते अमेरिका-युरोपसह बऱ्याच देशांच्या बाजारातून काढलं गेलं, भारतातही त्यावर बंदी आहे. भूक एकदम मेली, तोंड कोरडं पडलं, छातीत धडधड आणि रात्री झोप नाही, अशी लक्षणं चूर्णानं येत असतील तर ते चूर्ण तिथेच थांबवा आणि डबी घेऊन डॉक्टरांकडे जा.

खरेदी, आणि सुई कोणासाठी बरी

ही गोळी दमट हवेला फार नाजूक आहे. दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियम असलेल्या पट्टीतून ती घ्यायच्या क्षणीच बाहेर काढायची. सोमवार ते रविवार खणांच्या डबीत आठवड्याच्या गोळ्या काढून ठेवण्याची सवय इथे घातक, आपल्या पावसाळ्यात तर जास्तच. पट्टी स्वयंपाकघरात गॅसजवळ नको, न्हाणीघराच्या फळीवरही नको. सुट्या कापलेल्या चार गोळ्या घेण्यापेक्षा अख्खी पट्टी घ्या, म्हणजे बॅच नंबर आणि मुदत तुमच्याकडे राहते. बिल मागून घ्या. मार्च २०२६ मध्ये सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट संपल्यानंतर देशी कंपन्यांना रस्ता मोकळा झाला आहे, त्यामुळे नवं नाव दिसलं म्हणून बिचकायचं कारण नाही, पण ते चिठ्ठीवरच्या नावाशी आणि मिलिग्रॅमशी ताडून घ्यायचं. खर्च काढताना एका पट्टीचा नको, वर्षाचा काढा. औषध थांबलं की वजन परततं. इंजेक्शन बंद केलेल्यांचं वर्षभरात उतरलेल्या वजनातलं दोन तृतीयांश परत आलं होतं. तीन महिने परवडेल आणि मग बघू, असा हिशेब असेल तर ते पैसे खाण्यावर आणि व्यायामावर घाला.

शिरोलीच्या एमआयडीसीत आठवड्याला पाळी बदलणाऱ्याला गोळी जमवणं अवघड जातं. झोपून उठल्यावर, वेळ कुठलीही असो, हा नियम त्यालाही लागू पडतो, पण डब्याच्या आणि चहाच्या वेळा दर आठवड्याला बदलल्या की आठ तासांचं अंतर हुकतं. सकाळी पाच-सहा गोळ्या एकदम घ्याव्या लागणारे वयस्कर, सकाळी चहाशिवाय डोकं धरणारे, सतत प्रवासावर असणारे, यांनाही मी सुईच सुचवेन. आजच्या पेनची सुई केसासारखी बारीक असते, पोटाच्या कातडीखाली जाते, शिरेत नाही. तिची अडचण फ्रीजची: पेन २ ते ८ अंशांत ठेवायचं, बर्फाच्या खणाला टेकवायचं नाही. एकदा गोठलेलं पेन वितळलं तरी फेकून द्यायचं. मेडिकलमधून घरी आणताना थंड पिशवी मागायची. उलट, ज्याची पहाट ठरलेली आहे, सकाळी एखादीच गोळी आहे आणि सुईनं ज्याला खरंच घाम फुटतो, त्याच्यासाठी ही गोळी चांगली.

एकावरून दुसऱ्यावर जाता येतं. मधुमेहासाठीच्या इंजेक्शनाच्या ०.५ मिलिग्रॅमवर असलेल्याला ७ किंवा १४ ची जुनी गोळी सुरू करता येते, शेवटच्या इंजेक्शननंतर सात दिवसांच्या आत. १४ ची गोळी सोडून इंजेक्शनावर यायचं असेल तर शेवटच्या गोळीच्या दुसऱ्या दिवशी ०.५ चं. १ मिलिग्रॅमच्या इंजेक्शनाला या जुन्या गोळ्यांत बरोबरीचा डोसच नाही, त्यामुळे तिथून गोळीवर उतरलं की भूक थोडी परत येणार, हे डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवायचं.